मशीनचं आवतण

पांढुर्ण्याच्या कापूस सोसायटीत अठ्ठ्याऐंशी साली कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी आधी एसी आला, मग गादीची खुर्ची, आणि सर्वांत शेवटी तो सांभाळायला मोरेश्वर. नागपूरचा कोर्स झाल्यामुळे गाव त्याला हुशार समजे. तो मात्र हिरव्या अक्षरांकडे पाहत स्वप्नात असे. स्वप्नात छाया असे.

छाया सौंसरची, इथे मामीकडे राहून सोसायटीचे हिशेब करी. तिच्यात दोष एकच, ती त्याला भाऊ म्हणे. तिच्यासाठी दुसरा टर्मिनल, म्हणजे त्याच मशीनला जोडायचा पडदा नि कीबोर्ड, आला होता, पण मशीन त्याला ओळखच देईना. पोळ्याची सुट्टी संपेपर्यंत तो सुरू झाला नाही, तर तिला सौंसरच्या शाखेत परत पाठवायचं ठरलं होतं.

"कर्नल नव्यानं बांधावं लागते," मोरेश्वर म्हणाला.

कंपनीचा इंजिनिअर फोनवर हसला. "मशीन सांभाळणाऱ्याला आजकाल ते यायची गरज नाही हो. दिवाळीनंतर आम्ही येतो की."

"कर्नल म्हणजे काय बाप्पा?" अध्यक्ष भगवंतरावांनी विचारलं.

"कापसात सरकी असते, तसं. सारं त्याच्याभोवती."

"अन् तुम्ही सरकी बदलून राहिले! कापूस तोच राह्यते ना?"

"राह्यते."

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी काम सुरू झालं. ओळींमागून ओळी वर सरकू लागल्या आणि मोरेश्वरचा डोळा लागला. पडद्यातून बिनआवाजाचा कापूस निघत होता, आणि छाया त्यात गुडघाभर उभी राहून सरकी वेचत होती.

संध्याकाळी भगवंतराव बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळून आले. उरलेली हळद त्यांनी मशीनच्या खांद्याला, म्हणजे जिथे खांदा असावा तिथे, लावली. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," असं बैलांना सांगतात तसं रीतसर सांगितलं, आणि सणाला मानेवर जू नको म्हणून मेन बटण बंद केलं.

मोरेश्वर जागा झाला तेव्हा पडदा काळा होता.

"भाऊ, रडून राहिले का?" छायाने दारातून विचारलं.

"घाम आहे." एसीही बंद होताच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं गाव जाम नदीवर गोटमारीत दगडांनी एकमेकांची डोकी फोडायला गेलं. गिरण्या बंद, म्हणून वीज कधी नव्हे ती एकसारखी. मोरेश्वरने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. छाया पुरणपोळी घेऊन शेजारी येऊन बसली.

"भाऊ, हे यायलाच पाह्यजे का हो? इंजिनिअर तर नाही म्हणते."

"नाही आलं, तर दिवाळीची वाट पाहा लागते."

छायाने पुरणपोळी त्याच्यापुढे सरकवली. नदीवरची आरोळी लांबून समुद्रासारखी येत राहिली. समुद्र दोघांनीही पाहिला नव्हता. मग नवा टर्मिनल उजळला आणि त्याने नाव विचारलं. तिने हळूच 'छाया' लिहिलं. मशीनने मान्य केलं.

भगवंतराव हरखले. "सौंसरच्या शाखेलेही हेच मशीन घेऊन राहिलो. इंजिनिअर कायले पाह्यजे? तुमाले येते, तुमीच जा. इथलं छायाबाई पाह्यतीन."

बस संत्र्याच्या बागांमधून निघाली. निरोप देताना छाया म्हणाली होती, "रविवारी येत जा. मशीन अडते कधी कधी."

सौंसर दिसू लागलं तेव्हा मोरेश्वरच्या ध्यानात आलं, ती भाऊ म्हणाली नव्हती.