प्रॉक्टरसाहेबांच्या हातोड्याचे गाऱ्हाणे

मी एक जुना लाकडी हातोडा आहे, जॉर्जियातल्या अक्रोडाचा. मित्रांनो, हातोडा म्हटल्यावर तुम्हाला खिळे आठवतील. माझ्या नशिबी एक खिळाही आला नाही. वॉशिंग्टनच्या संसदेत, एका समितीचे अध्यक्ष खासदार लूशस प्रॉक्टर यांच्या हातात माझा जन्म गेला. मला आपटले की समोरच्याने गप्प बसायचे, एवढेच माझे काम.

गोऱ्यांच्या शाळेत काळी मुले नकोत, काळ्यांच्या हाती मत नको, याखेरीज या माणसाला दुसरा विचारच नव्हता. काळ्यांच्या हक्कांचे विधेयक आले की साहेब म्हणत, "पुढच्या बैठकीत बघू," आणि गावाकडे भुईमूग बघायला निघून जात. बैठकच नाही, तर विधेयक कुठले? गावात मत होते गोऱ्यांनाच. ते पुन्हा यांनाच पाठवत. मी अगदी विटलो होतो!

एकदा त्यांच्याच मतदारसंघातल्या काळ्या शिक्षिका ओडेसा मिम्स साक्षीला आल्या.

"बोल ओडेसा, काय म्हणणं आहे तुझं?"

"मिम्सबाई म्हणा."

"काय?"

"आत्ताच्या गोऱ्या बाईंना तुम्ही 'बोला व्हीलरबाई' म्हणालात. मलाही तसंच म्हणा, मग सांगते."

साहेबांनी मला आपटले. "ओडेसा, वेळ घालवू नकोस!"

"मिम्सबाई."

पुन्हा आपटले. त्या शांतपणे पुन्हा तेच म्हणाल्या. साहेब मला असे बडवू लागले, की माझे डोके दांड्यावरून निसटून टेबलाखाली घरंगळले. सगळे खो खो हसले.

"सभा तहकूब!" साहेब ओरडले. हातात नुसता दांडा!

मिम्सबाई मग दारातल्या वार्ताहरांना म्हणाल्या, "मी मुलांना राज्यघटना शिकवते. आणि मतदारनोंदणीचा कारकून मला म्हणतो, तुला वाचता येत नाही, म्हणून तुला मत नाही!"

मला डिंक लावून पुन्हा कामाला जुंपले. पण अखेर काळ्यांच्या हक्कांचा कायदा संसदेने या समितीला वळसा घालून मंजूर केला. काळ्यांनी मते दिली आणि साहेब पडले. "लोक कृतघ्न आहेत," असे मरेपर्यंत म्हणत राहिले. आपले काही चुकले, असे एकदाही त्यांच्या मनात आले नाही.

आता मी त्यांच्या गावच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे. खाली पाटी आहे: 'प्रॉक्टर यांच्या प्रदीर्घ देशसेवेचा साक्षीदार.' देशसेवा! मुले वाचतात, मान डोलावतात, पुढे जातात. मी नुसता चडफडतो.

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण इकडे आलात, तर ती पाटी तेवढी बदलायला लावा. मी कोणाकोणाला बोलू दिले नाही, ते तिथे लिहा.