बरकतीची मूठ

गंगम्माच्या हातून झारा पडला तेव्हा दहा पस्तीस झाले होते. वेळ नेमकी आठवते, कारण मी घड्याळाकडे बघत होते. व्यंकटीचा टेम्पो पावणेदहाला लातूरहून सुटला होता आणि आता चाकूरच्या आसपास असणार होता. टेम्पोत साडेतीनशे माणसांचा शिवरात्रीचा फराळ होता : भगरीच्या पिठाच्या भाकरी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. सगळं अहमदपूरजवळच्या एका मठात जायचं होतं.

"काय झालं गंगम्मा?"

"काय न्हाई. गरगर फिरायलंय."

तिनं कढईचा कान धरायला हात पुढे केला. मी तो हात मागे ओढला आणि तेव्हाच मला जाणवलं, की तिचा हात थरथरतोय. थकून लटपटतो तसा नाही. बारीक, एकसारखा, यंत्र चालू असल्यासारखा.

अप्पा, म्हणजे माझे वडील, पुढच्या काउंटरवरून आत आले. आमचं दुकान पुढे फराळ, चटण्या, लोणच्यांचं आणि मागे केटरिंगचं स्वयंपाकघर. पाटीवर माझ्या आजीचं नाव आहे, 'कमलम्मा फराळ'. आजीला जाऊन चार वर्षं झाली. गंगम्मा तिच्या काळापासूनची स्वयंपाकीण.

"उपास झेपंना व्हय आता?" अप्पा हसत म्हणाले. "सुकन्या, लिंबू सरबत दे तिला."

"कालपासून कायबी न्हाई पोटात," गंगम्मा म्हणाली. हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

उपाशीपोटी साखर उतरली तरी हात थरथरतात. अप्पांचं साखर मोजायचं यंत्र गल्ल्याजवळ असतं. सरबत देण्याआधी मी गंगम्माच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला एकशे अडतीस.

तिला मधुमेह नाही. काल संध्याकाळपासून उपाशी असलेल्या बाईची साखर नव्वदीच्या आत-बाहेर असायला हवी.

आमच्या स्वयंपाकघरात एक नियम आहे. शिवरात्रीला मठाचं जेवण देवाला दाखवल्याशिवाय कुणी चाखायचंही नाही. मीठसुद्धा अंदाजानं. त्यामुळे भांडी बाहेर पडतात तेव्हा आतलं अन्न कुणाच्याच पोटात गेलेलं नसतं. मी गेल्या जूनमध्ये मायक्रोबायॉलॉजीची पदवी घेऊन इथे आले, तेव्हा या नियमावर हसले होते. आता मला तो नियम मोडला गेलेला हवा होता. आणि नकोही होता, कारण तिनं खाल्लं असेल तर तेच अन्न टेम्पोत होतं.

मी तिच्या शेजारी पोत्यावर बसले. "मावशी, खरं सांग. काय खाल्लंस?"

"न्हाई गं पोरी."

"यंत्र सांगतंय."

तिनं अप्पांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "दोन भाकरी. सात वाजता. चक्कर यायला नको म्हणून खाल्ल्या गं. चुलीसमोर उभं राहायचं होतं. अप्पा, महादेवाची आण, पहिल्यांदाच."

अप्पा रागावले नाहीत. त्यांना अजून काही कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

भगरीचं पीठ ओल धरतं. ओल धरली की बुरशी येते आणि काही बुरश्या असं विष सोडतात, ज्यानं माणूस थरथरतो, भोवंडतो. वास येत नाही, रंग बदलत नाही. आमच्याकडे उपवासाच्या पिठाचा एक पत्र्याचा डबा आहे. तो कधीच पूर्ण रिकामा करायचा नाही, ही आजीची शिकवण. तळाशी एक मूठ जुनं पीठ ठेवायचं आणि त्यावर नवं ओतायचं. बरकत राहते. आल्यावर मी दुकानातल्या प्रत्येक बरणीला तारखेची चिठ्ठी लावली, त्या डब्याला नाही. ती मूठ आजीच्या हातची, असं अप्पा म्हणायचे. दुधाला विरजण लावतात तसं आम्ही प्रत्येक सणाला ताज्या पिठाला जुन्याचं विरजण लावत होतो.

आणि गिरणीत गर्दी होईल म्हणून पाच दिवस आधी दळून आणा, हे मीच सांगितलं होतं. त्यानंतर दोन दिवस अवकाळी पाऊस पडला.

"अप्पा, मठात फोन करा. भाकरी वाढू नका म्हणावं."

"काय?"

"पीठ खराब आहे."

ते आत गेले, डबा उघडला, नाक घालून हुंगला. "चांगलं हाय की. आन् भाकर तर भाजलेली. इस्तवापुढं काय जगतंय?"

"बुरशी मरते. तिनं सोडलेलं विष मरत नाही."

"हिला बीपी असंल."

"असेल."

"मंग? शंभर टक्के सांग. पीठच हाय का?"

मला शंभर टक्के सांगता येत नव्हतं. एकच माणूस, एकच निरीक्षण. तुलनेला दुसरं कुणी खाल्लेलं नाही. कॉलेजात असा निष्कर्ष लिहिला असता तर सरांनी वही परत फेकली असती.

"नाही सांगता येत," मी म्हणाले.

"चाळीस वर्षं झाली पाटीला. एकदा का शिवरात्रीला फोन गेला, की कमलम्माच्या भाकरीत विष हाय..." फोन त्यांच्या हातात होता. अंगठा पडद्यावर नुसता फिरत होता.

तेवढ्यात गंगम्मा ओकली. मी तिला कुशीवर वळवलं आणि एकशे आठला फोन लावला. मागून अप्पांचा आवाज आला, व्यंकटीचा फोन वाजतोय पण तो उचलत नाही. उचलणार नव्हताच. गाडी चालवताना फोन घेतलास तर कामावरून काढीन, असं अप्पांनीच त्याला बजावलं होतं. शेवटी त्यांनी मठाचे व्यवस्थापक मल्लेश यांना लावला. तो चार वेळा व्यस्त लागला. लागला तेव्हा अकरा चोवीस झाले होते.

"मल्लेशअण्णा, भाकर वाढू नका. माझं ऐका, कारण मागून सांगतो."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू गेलं नाही. अप्पा खाली बसले.

"गोळ्या घेणारी म्हातारी माणसं," ते म्हणाले. "त्यांना पूजेची वाट बघाया लावत न्हाईत. गाडी पोचल्या पोचल्या जेवाया बसवली. सव्वीस जण."

बाकी तीनशे चोवीस लोकांसाठीच्या टोपल्या मल्लेश यांनी उचलायला लावल्या. व्यंकटी म्हणे त्यांच्याशी भांडत होता, मालकाचा माल हाय, असा कसा फेकता.

गंगम्माला लातुरात भरती करून आम्ही अहमदपूरच्या सरकारी दवाखान्यात पोचलो, तेव्हा दीड वाजला होता. सव्वीसच्या सव्वीस जणांना आणलं होतं. सातजण थरथरत होते. बाकीचे खाटांवर बसून आम्हाला शिव्या देत होते आणि त्या शिव्या ऐकून मला बरं वाटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पीठ कुणाचं?"

मल्लेश काही बोलायच्या आत अप्पा पुढे झाले. "माझं. मन्मथ माझं नाव." त्यांनी सगळं सांगितलं. डबा, मूठ, पाऊस, गंगम्मा. पाच दिवस आधी दळल्याचंही सांगितलं, पण कुणाच्या सांगण्यावरून ते सांगितलं नाही. ते मी सांगितलं.

बाई लिहून घेत होत्या. "सलाइनवर बहुतेकजण उद्यापर्यंत बरे होतील," त्या म्हणाल्या. "ऐंशीच्या पुढचे, हृदयाच्या गोळ्यांवरचे, त्यांचं मी आत्ता काही सांगत नाही. त्यांच्यावर लक्ष ठेवा."

तसा एकच होता. ग्यानोबा, वय एक्क्याऐंशी, तीन भाकरी. मी दर दहा मिनिटांनी त्यांना हात पुढे करायला सांगत होते.

"सारखा हात काय बघतीस? भविष्य सांगतीस व्हय?"

"नुसतं बघते, आजोबा."

"लगीन जमतंय का बघ पुन्हा." शेजारच्या खाटेवरची त्यांची बायको त्या अवस्थेतही चिडली.

दोन वाजून पाच मिनिटांनी हात स्थिर होता. सव्वादोनलाही. दोन पंचवीसला मी गेले तेव्हा त्यांनी हात पुढे केला नाही. पांघरुणाखाली दाबून धरला होता आणि पांघरूण हलत होतं.

"तिला सांगू नको," ते हळूच म्हणाले. मग विचारलं, "हे लई वाढतंय का गं?"

"मला माहीत नाही, आजोबा," मी म्हणाले आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली. माझा आवाज ऐकून अप्पा दारातून धावत आले.