मालकाने स्वतः चालवलेली

पत्र्याच्या शेडखाली ओळीने उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांच्या काचांवर दुपार साचली होती, आणि दलालाने नुकतंच उच्चारलेलं वाक्य तिघांच्या मधोमध, कुणी उचलायचं ते न ठरलेल्या वस्तूसारखं पडून होतं.

"ड्रायव्हरचा हातसुद्धा लागलेला नाही हिला, ताई," असं तो म्हणाला होता. "मालकाने स्वतः चालवलेली. म्हणून तर हा भाव."

मुलीने बापाकडे पाहिलं. बाप वाकून पुढच्या टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घालून पाहत होता. मग तो मागच्या टायरशी गेला आणि तिथेही त्याने तेच केलं. नखाला कळायचं ते कळलं, तरी तो वाकलेलाच राहिला. सरळ उभं राहिलं की माणसाला चेहरा दाखवावा लागतो.

ही गाडी नऊ वर्षं त्याने चालवली होती.

सकाळपासून बापलेक गाड्या बघत फिरत होते. चारही चाकांना जोर हवा, चढावर दम टाकणारी नको आणि दोघांनी मिळून साठवलेल्या पैशांत बसायला हवी, एवढंच त्यांचं मागणं होतं. पण त्या तीन गोष्टी एका ठिकाणी नांदायला तयार नव्हत्या. एका गाडीच्या अंगात बळ होतं, पण ते सगळं पुढच्या दोन चाकांत. दुसरीची चारही चाकं ओढत होती, पण तिचं इंजिन दमेकऱ्यासारखं धापा टाकत होतं. तिसरीत सगळं होतं, पण बापाने तिच्या सीटखाली हात घातला, बोटं गंजाने लाल झाली, आणि तो एवढंच म्हणाला, "पाण्यात बुडून निघालीये. चल."

ही चौथी. शेडच्या टोकाला उभी असलेली ती त्याने लांबूनच ओळखली. तो सव्वीस वर्षं ज्यांच्याकडे ड्रायव्हर होता त्या साहेबांकडे दोन वर्षांपूर्वी नवी गाडी आली, तिच्याबरोबर नवा ड्रायव्हर आला, आणि एकाच आठवड्यात ही गॅरेजच्या कोपऱ्यात आणि तो घरी असे दोघे वाटेला लागले होते.

मुलगी डोंगरावरच्या आरोग्य केंद्रात परिचारिका होती. केंद्राच्या पलीकडच्या वस्तीवर जायला तीन किलोमीटरचा उभा चढ, आणि ओल्या दिवसांत तो चढ नुसता चिखल. मागच्या खेपेला एका बाळंतपणासाठी तिला घेऊन जाणारी गाडी निम्म्यावर चाकं फिरवत रुतली. उरलेली वाट ती पिशवी डोक्यावर घेऊन चालली. पोचली तेव्हा आई वाचवण्याइतका वेळ उरला होता, बाळ वाचवण्याइतका नाही. घरी आल्यावर ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. चार दिवसांनी जेवताना तिने विचारलं, "बाबा, तो चढ चढेल अशी गाडी कुठली?" त्या प्रश्नातला रिकामा पाळणा बापाला दिसला होता.

"बाबा," आता ती हळूच म्हणाली, "सांगा ना त्यांना."

"काय सांगायचं?"

"काय म्हणजे?" ती दलालाकडे वळली. "ही गाडी यांनी चालवलीये. नऊ वर्षं. साहेब मागे बसायचे."

दलाल हसला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. रोज दहा जणांच्या थापा ऐकणाऱ्याचं ते हसणं होतं. "ताई, भाव पाडायला लोक काय काय सांगतात. एकाने तर गाडीत आपली सासू वारली म्हणून सांगितलं होतं. थांबा, मालकालाच विचारू."

त्याने फोन लावला आणि स्पीकरवर टाकून गाडीच्या टपावर ठेवला. पलीकडून तो आवाज आला आणि बापाची पाठ आपोआप ताठ झाली. सव्वीस वर्षांची सवय मेंदूला विचारून थोडीच वागते.

"ड्रायव्हर?" साहेब म्हणाले. "हां, होता एक. धुवायला, पुसायला, दारात आणून लावायला. चालवायचो मीच. मला नाही बाबा दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग देववत."

दलालाने भुवया उडवल्या. मुलीचे कान लाल झाले. बाप मात्र टपावरच्या त्या फोनकडे पाहत राहिला. साहेबांना गाडी मागे घेता येत नाही, ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती, आणि त्यांतलं एक माणूस आत्ता स्टिअरिंगवर कधी नव्हतंच म्हणून जाहीर झालं होतं. नऊ वर्षांतल्या धुक्यातल्या पहाटा, विमानतळाचे रस्ते, साहेबांच्या आईला इस्पितळात नेतानाची ती एका ब्रेकचीही जाग न लागू देणारी चाळीस मिनिटं, हे सगळं कुणीतरी ओल्या फडक्याने काच पुसावी तसं पुसलं गेलं. आणि ती स्वच्छ काच आता चढ्या भावाने विकायला ठेवली होती.

"किल्ली द्या," तो दलालाला म्हणाला. "आणि बसा शेजारी."

शेडमागच्या मोकळ्या जागेत त्याने स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं आणि गाडी अगदी सावकाश गोल फिरवली. मागून, जमिनीलगत, दात खाल्ल्यासारखा कडकड आवाज आला आणि गाडीला एक आचका बसला. दलालाचं हसणं मावळलं.

"हे काय?"

"मालकाला विचारा," बाप म्हणाला. मग त्यालाच राहवलं नाही. "चारही चाकांना जोर असला की चारही टायर सारखे झिजलेले लागतात. पुढचे दोन नवे, मागचे दोन जुने, की चाकांचा घेर बदलतो. मग पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा मधला जोड रात्रंदिवस भांडत बसतो. मी बजावलं होतं, साहेब, बदलायचे तर चारही बदला."

"मग?"

"तू गाडी चालव, अक्कल चालवू नकोस, म्हणाले."

दलालाने इंजिन बंद करायला सांगितलं. आता तो काका-काका करू लागला. माणूस धंद्याचा होता, पण आंधळा नव्हता. गाडी कुणाच्या हाताला ओळखते ते त्याने शेजारी बसून पाहिलं होतं. त्याने पुन्हा फोन लावला. "साहेब, मागे आवाज आहे. टायर दोनच बदललेत. या भावाला कुणी घेणार नाही."

पलीकडे साहेबांचा आवाज चढला. "अहो, ते त्या ड्रायव्हरचे प्रताप! आडदांडासारखी हाणायचा. नऊ वर्षं हातात दिली, वाट लावून ठेवली. किंमत करा कमी, माझी ना नाही. पण कारण लेखी घ्या. उद्या कुणी म्हणायला नको, मी बिघडलेली गाडी गळ्यात मारली."

फोन बंद झाला. पाच मिनिटांपूर्वी जो माणूस नव्हता, तो आता होता. फक्त कशासाठी होता तेवढं ठरलं होतं.

दलाल ऑफिसातून कागद घेऊन आला. त्याची नजर बापाकडे वळेना. "काका, मला तुमचं पटतंय. शप्पथ. पण साहेबांची सही अडेल. तुम्ही दोन ओळी लिहून द्या, मी तुमच्या आकड्यात गाडी बसवतो. कागद माझ्या फायलीत राहील, कोण वाचतंय?"

"बाबा, नको," मुलगी म्हणाली. "दुसरी बघू. आज नाही तर पुढच्या महिन्यात."

"दुसरी तो चढ चढणार नाही."

"नाही चढली तर नाही चढली. मी चालत जाईन."

बापाने तिच्याकडे पाहिलं. चालत गेल्यावर काय झालं होतं, ते दोघांच्याही डोळ्यांसमोर एकदमच आलं असावं, कारण तिने नजर खाली घातली.

"जोड अजून गेलेला नाही," तो म्हणाला. "चार सारखे टायर टाक, मागचं तेल बदल. आवाज जाईल. पुढची दहा वर्षं बघायला नको."

बॉनेट अजून गरम होतं, म्हणून त्याने कागद डाव्या तळहातावर धरला. दलाल सांगत गेला, तो लिहीत गेला. ही गाडी मी नऊ वर्षे चालवली. तेवढं लिहून त्याचा हात थांबला. त्या नऊ वर्षांचं हे एकुलतं एक लेखी प्रमाण होतं, आणि त्याच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात होतं. इथे पूर्णविराम देऊन थांबता आलं असतं, तर सव्वीस वर्षांतला तो सर्वांत सुखाचा दिवस ठरला असता.

"माझ्या निष्काळजीपणामुळे," दलाल खालच्या आवाजात म्हणाला.

त्याने तेही लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक न करता लिहिलं, आणि खाली सही केली.

व्यवहार पुरा व्हायला तासभर लागला. दलालाने दोन वेळा पाणी विचारलं. एरवी तोंडाचा पट्टा न थांबणारा तो माणूस किल्ली मुलीच्या हातात ठेवताना "सांभाळून न्या" याहून जास्त काही बोलला नाही. बाप फाटकाशी, गाडीकडे पाठ करून उभा होता.

मुलगी त्याच्याजवळ गेली. तिला त्याच्याशी खूप काही बोलायचं होतं. शेवटी तिने किल्लीच पुढे केली.

"बाबा, घरापर्यंत तुम्हीच घ्या. मला इतकी मोठी गाडी गर्दीतून नाही काढता येणार. तुमची सवयीची आहे."

त्याने किल्लीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्या कपाळावर आलेले केस त्याने मागे सारले. ती लहान होती तेव्हाही तो हे असंच, उलट्या हाताने करायचा.

"बाबा, चालवताय ना?"

तो फाटकाबाहेर पडला आणि रस्त्याच्या कडेकडेने, हात पाठीमागे बांधून, घराच्या दिशेने चालू लागला.