महिपतीची चाल

लोक माणसाला तोंडावरून ओळखतात, बिरप्पा मेंढरांना चालीवरून ओळखायचा. कळप ओढ्यापलीकडून येत असला तरी कुणाच्या खुरात काटा आहे, हे त्याला बसल्या जागी कळायचं. गुडघ्यांनी दगा दिल्यावर मेंढरं मंद्रूपला धाकट्या भावाकडे, महिपतीकडे राहिली आणि बिरप्पा शहरात, भवानी पेठेत लेकाकडे आला. तरी हुकूम अजून त्याचाच. दर रविवारी महिपतीची बायको चिमाबाई परतणाऱ्या कळपाचा व्हिडिओ पाठवायची, सून सोनाली तो टीव्हीवर लावायची आणि बिरप्पा फोनवर सांगायचा, "तांबडीचा मागला पाय बघ रं." बघितलं की काटा निघायचाच.

मग लेकाने, जोतिरामने, नवा टीव्ही आणला. भिंतभर! सगळे खूश. बिरप्पाला मात्र त्यात सगळी मेंढरं एकसारखी दिसायला लागली. तो आपला दर रविवारी म्हणायचा, "समदं झ्याक हाय." तिसऱ्या आठवड्यात त्याने झ्याक म्हटलेली एक मेंढी दुसऱ्याच दिवशी लंगडताना महिपतीला सापडली. महिपती फोनवर हसला, पण बिरप्पाला त्या रात्री भाकरी गोड लागली नाही. डोळ्यांचं ऑपरेशन तर नीट झालं होतं. म्हणजे डोकंच चाललं म्हणायचं! आणि मेंढरू ओळखता येत नसेल तर मग आपण उरलो कशाला?

पुढच्या रविवारी तो भिंतीकडे तोंड करून पडला. "आज नगं."

सोनाली स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ जोडायचं काम करायची. ती शेजारी येऊन बसली. "मामा, काय झालं?"

"मला मेंढरं वळकू येईनात, पोरी."

ती हसली नाही, याचंच त्याला बरं वाटलं. "दिसतात कशी?"

"तेलावरनं घसरल्यागत. पाय भुईला टेकतच न्हाईत."

सोनालीने रिमोट उचलला. "तुमचे डोळे शाबूत आहेत मामा. मोबाइल सेकंदाला तीसच चित्रं काढतो. हा टीव्ही मधल्या जागांमध्ये स्वतःच्या मनानं चित्रं भरतोय, सगळं गुळगुळीत दिसावं म्हणून."

"आगं, हात लावू नको!" जोतिराम आतून ओरडला. "क्रिकेट कसलं झकास दिसतंय!"

"तुमचं क्रिकेट तसंच राहील. मामांचं वेगळं करते."

तिने सेटिंग एकेक पायरी खाली आणली.

"आता?"

"घसरत्यातच."

"आता?"

"जरा बरं."

शेवटी तिने ते पार बंदच केलं. चित्र किंचित अडखळलं आणि बिरप्पा खाटेवर उठून बसला. "ही तांबडी! ही बांडी, लई उड्या मारती. ही म्हातारी..." बोलता बोलता त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही. जणू महिन्याभराने तो परत आपल्या घरी आला होता.

कळप संपत आला तसा तो पडद्याकडे वाकला. "परत लाव." तिने लावला. "आजून एकदा." मग म्हणाला, "मेंढरं झ्याक हायत. फोन लाव."

पलीकडून महिपतीचा आवाज आला. "बोल आण्णा, कोण लंगडतंय?"

"तू. उजव्या पायाला काय झालंय?"

महिपतीने आवाज खाली आणला. "कुणी सांगितलं? चिमाला बी ठावं न्हाय."

"तू कळपामागनं चालत आलास न्हवं."

महिपतीला साखरेचा त्रास होता. महिन्यापूर्वी अंगठ्याला जखम झाली, ती चिघळत चालली होती आणि हा गडी ती बुटात दडवून फिरत होता. "सांगितलं असतं तर तू मेंढरं विकायला लावली असतीस," तो म्हणाला.

"आरं येड्या!" बिरप्पाचा आवाज फाटला. "मेंढरं चिमाबाई राखंल, मी हितनं बघतो. तू उद्या सकाळच्या एस्टीनं ये. डाक्टरकडं जायचं."

"येतो, आण्णा."

फोन ठेवल्यावर जोतिराम म्हणाला, "सकाळी मी जातो स्टँडवर, तुमी घरीच थांबा."

"मी बी येणार," बिरप्पा आत्तापासूनच काठी शोधत म्हणाला. "उतरून चालत येताना बघायचाय त्याला."