भोंग्याचं तोंड

हिशेब मांडायचा तर या भानगडीत यशोदा तांडेलचा फायदा एवढाच, की तिचा घसा वाचणार होता. मालवणच्या उत्तरेला किनाऱ्यावर जी मच्छीमार सोसायटी आहे, तिथली ती कारकून. अठरा वर्षं वादळाची सूचना आली की रजिस्टर बाजूला सारायचं आणि माइक घेऊन भोंग्यातून ओरडायचं. आता ते काम कॉम्प्युटर करणार होता. तिचाच आवाज त्यात भरून ठेवला होता: "वाऱ्याची सूचना इली हा. होड्ये घालू नकात." लिनक्स फुकट, आवाज फुकट, आणि जोडून देणारी नितेश-मितेश ही कॉम्प्युटर शिकलेली दोन पोरंही फुकट. फुकटच्या कामाला घाई कसली?

प्रोग्राम दोन. हवामानाची मेल वाचणारा नितेशचा, भोंगा वाजवणारा मितेशचा. पहिल्याने दुसऱ्याला सांगायचं कसं, एवढ्यावर तीन आठवडे वाद.

"डी-बस घाल रे," नितेश म्हणायचा. "सगळे प्रोग्राम एकाच चावडीर बोलतत. ऐकणारो झोपलेलो आसलो तर ती त्याका उठवता पण."

"आणि काकीन लॉग-इनच केल्यान नाय तर? तुझी चावडी उघडतलीच नाय! साधो सॉकेट घे. ह्याच्या तोंडातून त्याच्या कानात. मधी दलाल कित्याक?"

"उद्या पंचायतीचो बोर्ड जोडूचो झालो तर? प्रत्येकाक वेगळी दोरी बांधत बसशीत?"

"बांधीन. माझ्या दोरयेक पलीकडे कोण नसलो तर ती लगेच बोंब तरी मारता. तुझ्या चावडीर कोण ऐकता काय नाय, काय पत्तो?"

"अरे, कायतरी एक करा," यशोदा चहा ठेवत म्हणाली. "रापण दोन बाजूंनी ओढतत, पण जाळा एकच आसता मां?"

दोघे हसले, चहा प्यायले आणि पुन्हा भांडायला लागले.

त्या गावात भोंग्याचा एक नियम होता. मागे एकाने वादळाची खोटी आवई उठवली होती. सगळ्यांनी होड्या वर ओढल्या आणि याची एकट्याची बांगड्यांनी भरून आली. तेव्हापासून भोंगा बोलला तरच सूचना, माणूस बोलला तर आवई. कॉम्प्युटर बसला तसा चेअरमननी माइक कपाटात घातला आणि किल्ली खिशात.

शुक्रवारी दुपारी तीनला मेल आली. पडद्यावर अक्षरं उमटली: 'सूचना पाठवली.' यशोदा खिडकीशी जाऊन उभी राहिली. भोंगा गप्प.

झालं होतं असं, की वाद मिटेपर्यंत काम सॉकेटवर चाललं होतं, आणि सकाळीच नितेशने धामापूरला घरी बसून, आपलं खरं करून दाखवायला, आपला प्रोग्राम इंटरनेटवरून डी-बसवर नेला होता. मितेशचा भोंगा अजून सॉकेटलाच कान लावून होता. चावडीवर दवंडी झाली, चावडीत कोणी नव्हतं. चावडीने तक्रार केली नाही.

तिने नितेशला फोन लावला. बिझी. मितेशला लावला. तोही बिझी. दोघे एकमेकांशीच बोलत होते. चेअरमन बांद्याला लग्नात. ते म्हणाले, "किल्ली माझ्याकडे सुरक्षित आहे, काळजी करू नका."

ती किनाऱ्यावर धावली. तिचा नवरा दत्ताराम होडी पाण्यात ढकलत होता.

"जाव नकात वो. सूचना इली हा. मी डोळ्यांनी वाचलंय."

"भोंगो खंय वाजलो?"

"तो बिघडलो हा."

शेजारच्या होडीवरचा दाजी हसला. "वैनी, घोवाक घरात ठेवूची युक्ती बरी आसा!"

दत्तारामने आवाज खाली आणला. "नियम तुझ्याच रजिस्टरात लिवलेलो आसा गो. मी रवलंय तर म्हणतले, तांडेलांनीच आवई उठवल्यानी."

गुडघाभर पाण्यात जाऊन तिने होडीची कड धरली. मग हाका मारल्या. याच आवाजाने अठरा वर्षं गावच्या होड्या थांबल्या होत्या. भोंग्याबाहेर तो चार होड्यांपलीकडेही पोचला नाही. कड हातातून सुटली.

साडेपाचला वारा उठला. गेलेल्या पाचही होड्या परत आल्या. दत्तारामच्या उजव्या हाताला जाळ्याच्या दोरीचा फास बसला होता. दोन बोटं जाळ्याबरोबर समुद्रात गेली.

वाद मिटला. मितेशने मोठ्या मनाने डी-बस मान्य केली. नितेशने मोठ्या मनाने, भोंग्याकडून पोच आल्याशिवाय 'पाठवली' म्हणायचं नाही, अशी तजवीज केली. कामाला वीस मिनिटं लागली.

चाचणी स्वच्छ उन्हात घेतली. समुद्र निवांत होता. दत्ताराम होडीच्या सावलीत, डाव्या हाताने जाळ्याची सुई धरायला शिकत बसला होता. भोंगा खणखणीत बोलला: "वाऱ्याची सूचना इली हा. होड्ये घालू नकात."

त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"बरो येता गो तुझो आवाज," तो म्हणाला.

यशोदेने त्याच्या हातातली सुई घेतली, दोरा ओवला आणि परत दिली. सुई पुन्हा वाळूत पडली.

नितेशला त्याची बस मिळाली, मितेशला मोठं मन, गावाला भोंगा. यशोदेचा घसा वाचला. बोटं दत्तारामची गेली.