आठ चाव्या आणि एक गोंडा

मित्रांनो, मी एक जुना फाळका आहे. फाळका म्हणजे ट्रकच्या पाठीमागचे ते आडवे लाकडी दार. ते खाली पाडल्याशिवाय एक पोतेसुद्धा आत चढत नाही. आज तुम्ही मला पाहिलेत तर टेबल म्हणाल. म्हणा बापडे, मी रागावणार नाही. पण माझ्या एका कडेला अजून बिजागऱ्यांची भोके आहेत, तेवढी नीट पाहा.

माझा जन्म ट्रकची बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात झाला. तिथला सुतार हाताचा चांगला, पण तोंडाचा फटकळ होता. पाच जाड फळ्या जोडून, त्यांवर लोखंडी पट्ट्या ठोकून त्याने मला घडवले आणि रंगाऱ्याला सांगितले, "याला जरा झोकात रंगव. मागच्या गाडीवाल्याला दिवसभर याचंच तोंड बघायचंय." तेव्हापासून मी थोडा शिष्ट झालो, हे कबूल करतो. एकोणीस वर्षे मी रस्त्यावर काढली. सिमेंट वाहिले, बटाटे वाहिले, एका शाळेचे सगळे बाक वाहिले. ड्रायव्हरला पुढचा रस्ता दिसे आणि मला मागे पडलेला.

मग ट्रक भंगारात गेला. मला मात्र कोणीतरी ट्रक उभे करायच्या यार्डाच्या भिंतीला टेकवून ठेवले आणि विसरून गेले. अंगावर शेवाळ चढले. एक मांजर माझ्या आडोशाला व्याली, तेवढीच काय ती सोबत. दोन वर्षांत मला कोणी साधा हातही लावला नाही. त्या दिवसांबद्दल मला फार बोलवत नाही.

मला तिथून उचलले ते तात्यांनी. तात्या म्हणजे आमच्या यार्डातले सर्वांत जुने ड्रायव्हर. ड्रायव्हरांच्या खोलीत जेवायला टेबल नव्हते. तात्यांनी माझ्यावर बोटाने टकटक केले आणि म्हणाले, "याला रंधा मारा, खाली चार पाय लावा. लाकूड अजून ठणठणीत आहे, माझ्यासारखं." अशा रीतीने म्हातारपणी मला पाय फुटले.

आणि काय सांगू, खरी मजा त्यानंतर सुरू झाली! आठ ड्रायव्हर माझ्याभोवती बसत, डबे उघडत आणि पहिला घास पोटात जायच्या आत वाद सुरू होई. सुट्टी कशी साजरी करावी, हा तर त्यांचा आवडता वाद. तात्यांचे म्हणणे ठरलेले. वर्षअखेरच्या मोठ्या सुट्टीत सगळ्या घराने एका पंगतीला बसलेच पाहिजे, मोठ्यांनी आधी वाढून घेतले पाहिजे, ही रीत मोडता कामा नये. त्यावर आमच्या ताई लगेच भडकत. ताई म्हणजे आठ जणांतली एकटी बाई. सर्वांत लांबलचक गाडी त्याच चालवतात.

"रीत छान आहे हो तात्या, पण पंगत उठल्यावर भांडी कोण घासतं?"

"घासतात घरातले कोणीतरी."

"ते कोणीतरी म्हणजे कोण, त्याचं नाव सांगा!"

 मग तात्या विषय बदलत.

भाषेवरूनही अशीच जुंपे. आमचे ड्रायव्हर चार मुलखांतून आलेले. माझ्यापाशी बसून वाद घालायचा तर एकाच भाषेत घालायचा, सगळ्यांना कळेल अशा, हा तात्यांचा नियम होता. "शिव्यांना मात्र चारही भाषा चालतात," असे ताई म्हणत.

या नियमाचा जाच एकाला होई. त्याला सगळे मौनीबाबा म्हणत. तो लांबून कामाला आलेला, आमची भाषा त्याला कळे, पण बोलताना अडखळे. मनातल्या मनात तो वाक्य जुळवू लागे आणि ते जुळून येईपर्यंत वाद दुसऱ्याच गावाला पोचलेला असे. मग तो नुसता हसे आणि चपाती मोडे. लोकांना वाटे, याला काही म्हणायचेच नाही. मला तसे कधी वाटले नाही. त्याची बोटे माझ्या कडेवर सारखी टकटक करत असत.

आता त्या मोठ्या सुट्टीबद्दल सांगतो. तीन दिवस यार्ड बंद असे, पण इस्पितळाला औषधे पोचवायची एक खेप चुकवता येत नसे. ती कोणी करायची, हे ठरवायची पद्धत तात्यांनीच पाडली होती. आठही जणांच्या चाव्या लोकरी टोपीत टाकायच्या, यार्डाच्या कारकुनाने डोळे मिटून एक काढायची. ज्याची चावी निघेल त्याची सुट्टी गेली. तात्यांची चावी अकरा वर्षांत एकदाही निघाली नव्हती आणि हे ते आपल्या चांगल्या वागण्याचे फळ समजत. मौनीबाबाला कामाला लागून तीन वर्षे झाली होती आणि तिन्ही वर्षे त्याचीच चावी निघाली होती. "नशीब फुटकं आहे बिचाऱ्याचं," एवढे बोलून सगळे आपापल्या घरी निघून जात.

चौथ्या वर्षी, चाव्या काढायच्या आदल्या दिवशी, तो ताईंशेजारी बसून एकेक शब्द वेचत बोलला. "मुलगी आठ वर्षांची. आजीजवळ असते. मी एक दिवसाच्या रजेवर जातो, तेव्हा तिची शाळा. सुट्टीत सगळ्यांचे बाबा घरी. तिचा नाही." मग जरा थांबून म्हणाला, "या वर्षी तिला सांगितलंय, येतो."

"अहो, पण चाव्या अजून काढल्याच नाहीत," ताई म्हणाल्या.

"सांगून बसलो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. एकेकाने आपली चावी माझ्यावर ठेवली. तुम्हाला म्हणून सांगतो, मला त्यातली मेख तीन वर्षांपासून ठाऊक होती. सात चाव्या बारीक कड्यांतल्या, अंगावर ठेवल्या तरी जेमतेम जाणवणाऱ्या. मौनीबाबाच्या चावीला मात्र लिंबाएवढा लोकरी गोंडा होता. बाबाला गाडीत घराची आठवण यावी म्हणून मुलीने तो स्वतः करून दिला होता. टोपीत हात घातला की बोटांना आधी तोच लागणार! मी ओरडून सांगितले असते, पण लाकडाला तोंड कुठले?

कारकुनाने डोळे मिटले, हात घातला आणि गोंडा बाहेर आला.

मौनीबाबा उठून उभा राहिला. त्याने माझ्यावर हात आपटला आणि आपल्या भाषेत बोलू लागला. भरभर, न अडखळता, चांगला दोन मिनिटे. आम्ही त्याचा एवढा मोठा आवाज कधी ऐकलाच नव्हता. कोणाला एक शब्द कळला नाही. कोणीतरी नियमाची आठवण करून देऊ लागला, तोच ताई कडाडल्या, "गप्प बसा! त्याने मुलीला शब्द दिलाय." आणि त्यांनी सगळी हकिकत सांगितली.

तात्या जरा वरमले, पण पद्धत त्यांची होती. "टोपी कोणाचं तोंड बघत नाही," ते म्हणाले. "हे बघा, मी काढून दाखवतो." त्यांनी चावी परत टोपीत टाकली, टोपी हलवली, डोळे मिटून हात घातला. गोंडा. चावी आत टाकून त्यांनी पुन्हा हात घातला. पुन्हा गोंडा. तिसऱ्या वेळी त्यांनी हात आतच ठेवला आणि बोटांनी चाचपत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"अरे देवा," ते म्हणाले, "हे नशीब नव्हतं रे. हा गोंडा होता."

कारकून ओशाळून कात्री शोधू लागला. "गोंडा कापून टाकतो, परत काढू," तो म्हणाला. मौनीबाबाने झडप घालून चावी मुठीत धरली. "गोंडा नाही कापायचा," तो म्हणाला. हे वाक्य मात्र त्याने आधी जुळवले नव्हते.

"कोणी हात लावणार नाही त्याला," तात्या म्हणाले. त्यांनी टोपीतून आपली बारीक कड्यातली चावी शोधून काढली आणि खिशात घातली. "ही खेप माझी. पुढच्या वर्षीपासून चिठ्ठ्या टाकायच्या, एकसारख्या कापलेल्या."

"आणि घरच्या पंगतीचं काय?" ताईंनी विचारले.

"बसतील माझ्याशिवाय. संध्याकाळी पोचलो की भांडी घासतो, म्हणजे ते कोणीतरी कोण, हे तरी कळेल मला." ताईंना हसू आवरेना. मौनीबाबा तोवर दाराबाहेर पडलासुद्धा होता.

मित्रांनो, माझी तुमच्याजवळ फार मोठी मागणी नाही. माझ्यावर गरम किटली ठेवताना खाली फडके ठेवा आणि वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा. भांडायचे तर खुशाल भांडा, मला ते आवडते. पण आपल्यातला एखादा गप्प असेल, तर त्याचे वाक्य जुळून येईपर्यंत जरा थांबा.

सुट्टी संपल्यावर आमच्या खोलीत तसेच झाले. गाड्या भरून तयार होत्या, तरी सातही जण डबे मिटून मौनीबाबाकडे पाहत बसले होते. तात्यांनी विचारले, "मग, सुट्टीच्या दिवशी बाबा कसा असतो, कळलं का तिला?"

त्याने बराच वेळ विचार केला. कोणी मध्ये बोलले नाही.

"कळलं," तो म्हणाला. "ती म्हणाली, बाबा खूप घोरतो."