पाणसळीला दोनदा विचारावं

मित्रांनो, मी एक जुनी पाणसळ आहे. हातभर लांब सागवानी पट्टी, दोन्ही टोकांना पितळी टोप्या आणि मधोमध एक काचेची नळी, एवढाच माझा संसार. नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मधे थांबला की जागा सपाट. पाणी उताराकडे धावतं, पण माझा बुडबुडा चढाकडे पळतो. तो जिकडे पळाला, ती बाजू उंच. एवढं कळलं की तुम्ही अर्धे गवंडी झालात म्हणून समजा.

चाळीस वर्षं मी एका गवंड्याबरोबर राबले. आपण त्यांना बाबा म्हणू. उंबरे, ओटे, जिने, खिडक्या, माझ्याशिवाय त्यांचं पान हलायचं नाही. घरमालक भिंतीवरून हात फिरवून म्हणायचे, "वा, काय सुरेख काम!" शाबासकी बाबांना मिळायची आणि मी मनात म्हणायचे, अहो, जरा इकडेही बघा की! बाबांची एक खोड मात्र मला मुळीच आवडत नसे. मला एकदा सुलट ठेवायचे, मग टोकं फिरवून उलट ठेवायचे. "दोन्ही वेळा तेच सांगेल ती खरी," म्हणायचे. रोज उठून माझी परीक्षा! मी काय चोर आहे?

पुढे बाबांचे गुडघे गेले आणि काम सुटलं. मला मागच्या खोलीच्या खिडकीला टेकू म्हणून लावलं. जिने शेकडो खिडक्या सरळ बसवल्या, तिने एक खिडकी अडवून उभं राहायचं! फार वाईट वाटायचं हो. एकदा जोराचा वारा आला आणि मी फरशीवर आपटले. नळी फुटली नाही, पण आतल्या आत जराशी सरकली. ते माझं मलाही कळलं नाही.

मग बाबांच्या लेकीने आणि जावयांनी ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून न्यायची चाकांवरची खोली. आत पलंग, शेगडी, इवलंसं मोरीघर, सगळं काही. सर्वांत जास्त आनंद झाला तो बाबांच्या पत्नीला, म्हणजे आईंना. "आयुष्यभर लोकांची घरं सरळ केलीत, मला कधी घराबाहेर नेलंत का?" हे वाक्य त्यांनी बाबांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की मलाही पाठ झालं होतं. आईंना चक्कर येण्याचा त्रास होता. झोपताना डोकं पायांपेक्षा खाली जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सगळे फिरायला निघाले तेव्हा बाबांनी मला फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकलं. जुनी सवय, दुसरं काय!

जावई मोठे नेटके. वाटेत ट्रेलरचं नाक, म्हणजे पुढचं टोक, वर नाही ना, खाली नाही ना, हे उतरून बघायचे. तळ्याकाठी मुक्काम पडला तेव्हा त्यांनी आधी चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना उट्या लावल्या, मगच ट्रेलर गाडीपासून सोडवला. मोबाइलवर उतार मोजणारं अ‍ॅप लावून तो आतल्या जमिनीवर ठेवला आणि त्यावर शून्य येईपर्यंत पुढच्या दांड्याखालचा जॅक फिरवला. "शून्य म्हणजे शून्य, बाबा!" म्हणाले.

सकाळी आई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. लेक म्हणाली, प्रवासाचा शीण असेल. दुसऱ्या सकाळी तर त्यांना उशीवरून डोकंच उचलवेना. "मला बसमध्ये बसवून द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही फिरा. माझ्या नशिबात नाही प्रवास." लेकीचे डोळे भरून आले.

बाबा शेगडीजवळ उभे होते. तव्यातलं तेल पुढच्या कडेला जमलं होतं आणि आईंची उशीही पुढच्याच बाजूला होती. बाबा काय ते समजले: ट्रेलर पुढे कललाय आणि आईंचं डोकं रात्रभर पायांपेक्षा खाली राहतंय. पण जावयांना सांगायचं कसं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी ते म्हणाले, "जावईबापू, जरा माझ्या म्हातारीलाही विचारू या का?"

"मला काय विचारताय?" पलंगावरून आई.

"तुला नाही गं! पाणसळीला."

किती वर्षांनी त्यांनी मला जमिनीवर ठेवलं! माझा बुडबुडा मागच्या टोकाकडे धावला. मागची बाजू उंच, बघा! मी ऐटीत होते. मग बाबांनी मला उलट फिरवलं. बुडबुडा मागेच गेला, पण पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी.

"बाबा, हिचं स्वतःचंच एक ठरत नाहीये!" जावई हसले.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"खोटी झालीय खरी," बाबा म्हणाले, "पण किती खोटी ते कळलं ना! दोन्ही उत्तरांच्या मधे खरं असतं. आता तुमचा मोबाइल फिरवून ठेवा."

जावयांनी फिरवला. शून्य गेलं आणि दोनचा आकडा आला. त्यांनी मोबाइल पालथा करून पाठ पाहिली. कॅमेऱ्याचा उंचवटा जमिनीला टेकत होता. "अरे देवा! दोन दिवस मी सगळ्यांना या टेंगळाच्या भरवशावर झोपवलं!" असं म्हणून तेच सर्वांत मोठ्याने हसले आणि जॅककडे धावले.

सुलट ठेवल्यावर बुडबुडा जितका मागे, उलट ठेवल्यावर तितकाच पुढे, असं झाल्यावर बाबांनी हात वर केला. तव्यातलं तेल मधोमध आलं. आईंनी डोळे मिटले आणि त्या गाढ झोपल्या. दुपार कलल्यावर उठल्या, चौकट न धरता पायऱ्या उतरल्या आणि म्हणाल्या, "मग? पुढचा मुक्काम कुठे?" बाबांनी तोंड फिरवून चष्मा पुसला.

घरी परतल्यावर ट्रेलर अंगणात उभा केला, तेव्हा बाबांनीच त्याचं नाक थोडं उंच ठेवायला लावलं. जावई म्हणाले, "आणि शून्य?" बाबा म्हणाले, "शून्य माणसं झोपतात तेव्हा. आता पावसाचं पाणी छपरावरून निघून जाऊ दे."

मित्रांनो, जुन्या वस्तूचा टेकू करू नका. फडक्यात गुंडाळून ठेवा, आपटू देऊ नका. आता माझ्यासाठी ट्रेलरमध्ये खास खुंटी आहे. दर मुक्कामाला पलंगावर बसण्याआधी आई विचारतात, "म्हातारीला दोनदा विचारलंत ना?"

खरं सांगते, मला आता त्याचा राग येत नाही.